एकदांडी

म्हैसूरला एनसीसीत पोस्टिंग झाल्यापासून रविवारी पहाटे कॅडेट्सना घेऊन चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायचा नेम ठेवलाय. हजारभर पायऱ्या. सातशेच्या आसपास दोड्ड देवराजाच्या काळातला तो अजस्र काळा नंदी. तिथे पाणी प्यायचं आणि पुढे. मागच्या महिन्यात नंदीच्या थोडं खाली एक मुलगी घसरली. नडगी दगडावर सोलली, बरंच रक्त आलं. मला कळायच्या आत माझा हात पायरीच्या फटीतल्या एकदांडीकडे गेला.

एकदांडी तुम्ही पाहिलेली आहेच, नाव ठाऊक नसेल इतकंच. खरखरीत, कातरलेली पानं जमिनीलगत पसरतात, त्यातून वीतभर सरळ दांडी निघते आणि टोकाला एकच फूल. मध्ये पिवळं, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या. आमच्या सातारकडच्या गावात दगडीपाला म्हणतात, कुठे कंबरमोडी. इंग्रजांनी ‘कोट बटन्स’ म्हटलं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. यातल्या प्रोकम्बेन्सचा अर्थ पालथं पडलेलं. एनडीएत क्रॉलिंग करताना नाकासमोर हीच असायची! रगड्यात कोपरं सोलली की आम्ही गावाकडची पोरं पानं चोळून रस पिळायचो. झोंबतो, पण रक्त थांबतं. शहरी कोर्समेट आधी हसायचे, मग तेही मागायचे.

ही चरकाच्या काळापासूनची असेल असं मला वाटायचं. निघाली मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. म्हणजे जुन्या ग्रंथांत ती असणं शक्यच नाही, जरी काही ठिकाणी भृंगराज म्हणून हिचाच पाला खपतो. आमच्या आज्या-पणज्यांनी परकं तण स्वतःच पारखून औषधात घेतलं, याचं मला फार कौतुक. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतही जखम भरायला हिची मदत होते असं दिसलं.

पण ही एवढीच गोष्ट असती तर लिहिलं नसतं.

मी सात वर्षांचा असताना चुलतभावाच्या पायाला खुरपं लागलं. आजीने गोठ्यामागचा दगडीपाला ठेचून भरला, वर चिंधी. रक्त लगेच थांबलं. तो संध्याकाळी विटीदांडू खेळला. आठव्या दिवशी त्याला भाकरी चावता येईना. मग पाठीची कमान व्हायला लागली. धनुर्वात. टेम्पोत घालून साताऱ्याला नेला, तो परत आला नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. खुरप्याबरोबर गेले की पाल्याबरोबर, कोण सांगणार? आजीने मात्र अंगणातली सगळी एकदांडी उपटली. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उगवली, तेव्हा आजी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. घरात तिला कोणी कधी बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

“साहेब, पान नको,” आमचा हवालदार म्हणाला. त्याने बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, फर्स्ट एडची पेटी उघडून पट्टी बांधली. पान माझ्या मुठीतच राहिलं.

मुलगी हसून म्हणाली, “सर, हमारी अज्जी भी यही लगाती है.”

शेवटचं टीटीचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, मी विचारलं. तिला आठवेना. नंदीपाशी थांबलोच नाही. सगळ्यांना तिथूनच खाली वळवलं आणि तिला नि तिच्या मैत्रिणीला जीपमध्ये घालून दवाखाना गाठला.