पोलोचे ब्रेक आणि मगरिबची वेळ

चंद्रपुरात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर तरुण पोरं घोळका करून उभी असतात, तेव्हा निम्म्या गप्पा गाड्यांच्या असतात. गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग हे आमच्या कितीतरी घरांचे धंदे. त्यामुळे गाडीचं वेड आम्हाला लहानपणापासूनच. त्या वेडाची टिंगल करायला मी हे लिहीत नाही, मलाही ते आहे. पण यात वेगाची चर्चा जेवढी होते, तेवढी थांबण्याची होत नाही.

माझ्या भाच्याने सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम अकराशे किलो. अशी गाडी पळतेच. नोकरी गडचिरोलीला, घर चंद्रपूरला, म्हणून दर आठवड्याला लोहारा, चिचपल्ली, मूल, सावली असा जंगलातून जाणारा रस्ता. एक दिवस तो मोबाइलवर यादी घेऊन आला. पुढे मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क, चार पिस्टनचे लाल कॅलिपर आणि रेसिंगचे पॅड. "मामू, इंजिन तेज आहे, तर ब्रेक पण तेज पाहिजे ना?"

प्रश्न रास्त होता. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी १०० ने जाणारी गाडी थांबवणं हे ५० वाल्या गाडीच्या चौपट काम. ब्रेक त्या ऊर्जेची उष्णता करतो आणि ती डिस्कमध्ये साठते. मोठी डिस्क जास्त उष्णता पचवते. रेसच्या ट्रॅकवर किंवा आंबोली, माळशेजसारख्या घाटात उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागतो, पॅड तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. मोठ्या किटचे पैसे वसूल होतात ते तिथे.

आमच्या रस्त्यावर घाट कुठे आहे? मूलकडे निघालं की वीस-वीस मिनिटं ब्रेकला पाय लागत नाही. डिस्क थंड असते. आणि मग एकदाच, अचानक, बांबूच्या रांजीतून चितळांचा कळप रस्त्यावर येतो. इथे लागतो तो थंड असताना पहिल्याच दाबाला धरणारा पॅड. रेसिंगचे पॅड तापल्यावर कामाला येतात, थंडपणी त्यांची पकड कमी असते. म्हणजे ट्रॅकवरची सर्वात चांगली वस्तू आमच्या जंगलात नेमकी उलटी पडते.

आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षं याच कामात आहेत. यादी त्यांनी वाचलीच नाही. भाच्याला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला. पायाखाली पॅडल थडथडलं, म्हणजे एबीएस लागला. चाचा म्हणाले, "बेटा, ब्रेक चक्का रोकता है. गाडी टायर रोकता है."

या एका वाक्यात सगळं आहे. एबीएस लागतो याचा अर्थ ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीच आहे. आणखी मोठा कॅलिपर लावला तर एबीएस थोडा लवकर लागेल, गाडी मात्र साधारण तिथेच थांबेल. शिवाय या पोलोला मागे ड्रम ब्रेक. नुसते पुढचे ब्रेक वाढवले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने जमवलेला तोल बिघडतो.

मग टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. भाच्याच्या टायरवर असाच जुना आकडा निघाला. नक्षी अजून खोल होती, पण रबर दगडासारखं कडक झालेलं.

मागचा ड्रम उघडला तर आत काळी पूड. कोळशाच्या ट्रकांमागून आणि वीज केंद्राच्या राखेतून फिरणाऱ्या गाडीत दुसरं काय निघणार? ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पुरेशी ओल शोषल्यावर तीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जातं. आमच्याकडचा पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे. कॅलिपरच्या लाल रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, या तेलाकडे कुणाचंच जात नाही.

आता थोडं गणित. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. प्राणी दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर पुढे आणखी तीसेक मीटर. एकूण पन्नासच्या वर. हेडलाइट डिपरवर असताना नीट दिसतं साधारण तेवढंच, किंवा त्याहून कमी. ओल्या रस्त्यावर हिशेब सत्तरवर जातो. वेग ६० वर आणला तर कोरड्यात पस्तीसेक मीटरमध्ये काम होतं. एवढा फरक बाजारातलं कुठलंही किट देत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया–कोहमारा रस्त्यावर, मुर्दोलीच्या जंगलात, रात्री एका कारने वाघाला धडक दिली. जखमी वाघ सरपटत झाडीकडे जातानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. उपचारासाठी नागपूरला नेताना तो दगावला. तो व्हिडिओ भाच्याने मित्रांना पाठवला होता. मी त्याला विचारलं, तिथे वाघाऐवजी माणूस असता तर? आमच्या रस्त्यांवर माणसंही असतात. एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे गठ्ठे घेऊन निघालेली कुटुंबं, दिव्याविना सायकलवर घरी परतणारा मजूर. त्यांचा व्हिडिओ देशभर फिरत नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचायची घाई सगळ्यांनाच असते. दिवसभराचा रोजा, डोकं जड, आणि घड्याळाकडे नजर. पण मगरिबची वेळ हीच चितळ, रानडुक्कर, वाघ बाहेर पडण्याची वेळ. उजेड धड असतोही आणि नसतोही. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. अजान झाली की सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, रोजा सोडा, मग निघा. घरचे दस्तरख्वानावर दहा मिनिटं वाट पाहतील.

शेवटी भाच्याने काय केलं? चार नवे टायर, रस्त्यासाठी बनवलेले चांगले पॅड, कंपनीच्या मापाच्या नव्या डिस्क, डॉट ४ ऑइल, मागचे ड्रम साफ. किटच्या किमतीच्या मानाने बरेच पैसे उरले. पहिले काही दिवस हलक्या पायाने ब्रेक मारून पॅड डिस्कवर बसवून घ्यायला चाचांनी बजावलं. लाल कॅलिपरची हौस मात्र सुटली नाही. त्याने उष्णता सोसणारा लाल रंग आणला आणि रविवारी अंगणात बसून जुन्याच कॅलिपरना लावला. बहिणीने विचारलं, याने गाडी लवकर थांबते का? तो म्हणाला, "नाही अम्मी, पण चिचपल्लीनंतर मी साठच्या वर जात नाही."