कारणाचा रकाना

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात, क्रिकेटच्या पॅडांच्या मागे, एक जुने रिकर्व्ह धनुष्य असते. मधली मूठ धातूची. तिला वर आणि खाली एकेक पाते जोडायचे. पात्यांची टोके पुढे वळलेली असतात, म्हणून ते रिकर्व्ह. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून नेम धरतात तो याच जातीच्या धनुष्याने. पात्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार आम्ही मुले खुशाल ‘लिंब’ असा करतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी सांगितले, ‘‘लिंब चिरला.’’ आजोबा म्हणाले, ‘‘कुणाच्या बांधावरला रं?’’

सगळे हसले. मीही हसलो. पण तो लिंब मीच चिरला होता.

सुट्टीच्या आधीची गोष्ट. सराव संपला होता, बाण गोळा करून झाले होते. दोन-चार मित्र पाहत होते, म्हणून ऐटीत मी रिकामी दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि सोडली. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. बाण असला म्हणजे वाकलेल्या पात्यांतला बहुतेक जोर तो घेऊन जातो. नसला तर तोच जोर पात्यांवर आणि दोरीवर उलटतो. ‘खट्ट’ असा आवाज आला. खालच्या पात्याच्या कडेला बोटभर लांबीची एक सळ उचलली होती. मी धनुष्य पिशवीत घातले, कपाटाला कुलूप लावले, किल्ली देऊन आलो. कोणाला काही बोललो नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पहिल्यानेच सामान मोडले आणि भरपाई मागितली, तर कोणत्या तोंडाने घरी जायचे?

त्या रात्री झोप लागली नाही, असे लिहिले तर शोभून दिसेल. खरे म्हणजे लागली. सकाळी मात्र जाग आली ती एकाच विचाराने. आज ते धनुष्य प्रथम वर्षाची एक मुलगी ओढणार होती. आणि पाते मोडते ते दोरी पूर्ण ओढलेली असताना, तोंडाजवळ.

कपाट उघडण्यापूर्वीच सरांना गाठले. ‘‘सर, माझ्या हातून झालं.’’ सर रागावले. पण ‘‘का ओढलीस?’’ यापेक्षा ‘‘काल का नाही सांगितलंस?’’ हे त्यांनी दोनदा विचारले.

मग त्यांनी कापसाचा बोळा आणला आणि पात्याच्या दोन्ही कडांवरून फिरवला. चीर असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. पात्याच्या आत लाकूड आणि पुढे-मागे फायबरग्लासचा थर असतो. चीर रुंदीला आडवी गेली असती किंवा थर लाकडापासून सुटले असते, तर ते पाते बाद. ही चीर उभी होती, कडेपुरती, वरच्या थरातली. सर म्हणाले, ‘‘दुरुस्त होईल. तूच करायचीस.’’

मी सळ उपटायला हात घातला आणि थांबलो. लहानपणी आजोबांना घरचा तिरकमठा सारखा करताना पाहिले होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर आमच्या भिल्लांच्या घरांतले बरेच तिरकमठे खुंटीला लागले; आजोबांचाही. तरी ते त्याला तेल लावायचे. बांबूची सळ उठली तर म्हणायचे, ‘‘उपटू नगं. उपटली की ती खाली पळती. बसवायची.’’ सरही तेच म्हणाले. सळीखाली पातळ फेवीक्विक सोडले, वर मेणकागद ठेवला, त्यावर लाकडी पट्टी आणि क्लॅम्प. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कड हलकेच घासली. तोंडाला रुमाल बांधला, कारण त्या काचेचा भुगा छातीत जायला नको. आजोबा वरून सूत आवळत, तसे करू का, असे विचारले. सर म्हणाले, टोकाकडे वजन वाढले की पाते मंदावते; एवढ्या चिरेला डिंक पुरे.

मग दोरी चढवली. पुढे कोणी उभे नाही, हे पाहून आधी चार बोटे ओढली, मग वीतभर, मग अर्धी. प्रत्येक वेळी कापूस फिरवून पाहिला आणि दोरी सावकाश परत आणली. वीस-पंचवीस वेळा असे झाल्यावर सरांनी बाण हातात दिला. तो नेमाच्या बराच खाली लागला, पण पाते बोलले नाही.

देशातल्या स्पर्धांत बांबूच्या धनुष्यांसाठी ‘इंडियन राउंड’ नावाचा वेगळा प्रकार असतो, हे सुट्टीत आजोबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्यास्नी बांबू कापायचा म्हैना ठावं हाय का?’’

भरपाई मागितली गेली नाही. सरांनी फक्त जिमखान्याची वही पुढे केली. वस्तू, तारीख, नुकसान, कारण असे रकाने. मागची पाने चाळली. फुटलेली बॅट, फाटलेली जाळी, तुटलेला भाला; कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द : ‘वापराने’. मीही तोच लिहिणार होतो. पेन टेकवलेही होते. त्याचा ठिपका अजून तिथे आहे. मग लिहिले : ‘मित्रांना दाखवण्यासाठी रिकामी दोरी सोडली.’ आणि खाली सही केली.

(द्वितीय वर्ष कला)