टाइल्सच्या आधी टाकी

जुनं घर विकायला काढलं की मालकाची यादी तयारच असते. ओट्याला ग्रॅनाइट, न्हाणीघरात छतापर्यंत टाइल्स, गॅलरीला स्टीलचे कठडे, बाहेरून रंग. सेप्टिक टाकी त्या यादीत क्वचितच असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘ती चालू आहे ना!’ चालू आहे म्हणजे अजून अंगणात वर आलेली नाही, इतकंच.

जबलपूरला कांचघर, घमापूर, रांझी या बाजूला कारखान्यांत आणि रेल्वेत नोकऱ्या केलेल्यांची घरं पुष्कळ. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. अशा नोकऱ्यांच्या आधाराने मराठी कुटुंबंही या शहरात रुजली. आता मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि फाटकावर ‘मकान बिकाऊ है’ची पाटी. कांचघरच्या अशाच एका घराचं काम माझ्याकडे आलं. टाकी कुठे आहे, विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘भाऊ, ते ह्यांनाच ठाऊक होतं.’ काका जाऊन बरीच वर्षं झालेली.

संडासापासून लाइन धरत निघालो. पाइप लागले ते चिनी मातीचे, तपकिरी झिलईचे. जबलपूरच्या पॉटऱ्यांत एके काळी असे पाइप बनत. पाइप ठणठणीत, पण सांधे सुटलेले आणि पिंपळाची मुळं आत शिरलेली. लाइन थेट नंतर वाढवलेल्या स्वयंपाकघराखाली गेली. हे आमच्याकडे सर्रास आहे. मागचं अंगण कमी करून खोली काढतात, झाकणावर कोबा पडतो, आणि त्यावर गॅसची शेगडी येते.

कोबा फोडून झाकण मोकळं केलं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून दिवसभर तसंच राहू दिलं. मग लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गच्च गुंडाळून तळापर्यंत सोडला, थोडा वेळ धरला आणि हळूच वर ओढला. टाकीचा सगळा हिशेब टॉवेलवर उमटतो. वर तवंगाची रेघ, मधे फिकट पाण्याचा पट्टा, खाली काळाकुट्ट गाळ. गाळ खोलीच्या एकतृतीयांशावर आला की टाकी उपसायची. सर्वसाधारणपणे दोन-तीन वर्षांनी ती वेळ येते. इथे पाण्याचा पट्टा जेमतेम वीतभर होता. मैला बसायला जागाच नाही, त्यामुळे आत जाणारं तसंच पुढे वाहत होतं. पुढे शोषखड्डाही नव्हता, पाइप गल्लीतल्या उघड्या नालीत सोडलेला. चांगली टाकीसुद्धा पाणी अर्धवटच साफ करते, रोगजंतू त्यात राहतातच. इथे तर टाकी नसल्यासारखीच होती. शहरातल्या ओमती आणि मोती नाल्यांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरामागचा पाइप एकदा बघून यावा.

गाडीने टाकी उपसल्यावर वरून बॅटरी मारली, तेव्हा विटांच्या भिंतीत आडवी भेग दिसली. २२ मे १९९७च्या भूकंपाने शहरातली असंख्य घरं तडकली. वरच्या भेगा लोकांनी लगेच बुजवल्या, जमिनीखाली कोण बघतो? ही भेग तेव्हाची की मुळांची, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही; पण गळती जुनी होती.

काकूंच्या मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, ‘आतून गिलावा मारून घेतला तर नाही का चालणार?’ मी साफ नाही म्हटलं. गिलाव्यासाठी माणूस आत उतरवावा लागतो. तळच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो, पाय पडला की सुटतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते, आणि माणूस ‘वास गेला’ म्हणून निर्धास्त होतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत तर महाभयंकर. या वायूचा तिने पत्ता लागत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. १८९७मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या वायूवर दिवे लावले होते, तोच हा मिथेन. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. तरी ठेकेदार हजार-पाचशे वाचवायला माणूस उतरवतात. मालकाने तिथे उभं राहून अडवावं.

नवी टाकी बांधायची तर आधी गल्लीत मलवाहिनी आली आहे का आणि ती खरोखर वाहते का, ते पाहावं. वाहत असेल तर टाकीची गरजच संपते. नसेल तर भारतीय मानकाचं किमान माप धरावं: रुंदी ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली १ मीटर, क्षमता १,००० लिटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. खरी अडचण शोषखड्ड्याची. जबलपुरात कुठे ग्रॅनाइट, कुठे काळी माती. काळ्या मातीत पाणी मुरता मुरत नाही. खड्डा खणून पाण्याने भरावा, रात्रभर माती भिजू द्यावी आणि सकाळी पाणी किती वेळात उतरतं ते मोजावं. २.५ सेंटिमीटरला ३० मिनिटांहून जास्त लागली तर शोषखड्ड्याचा नाद सोडून खडीचा गाळणा बांधावा. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीत ही चाचणी घेणारा मिस्त्री स्वतःला फसवतो. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून १८ मीटर अंतर हवं. आमच्या गल्ल्यांत ते सापडणं कठीण. शेजाऱ्याचं बोअरही मोजावं लागतं. तयार प्लास्टिकची टाकी बसवणार असाल तर भोवती माती भरताना आत पाणी भरत जा, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते.

जुनी टाकी तशीच सोडायची नाही. उपसून, चुना टाकून, वरूनच मशिनने तळ आणि स्लॅब फोडायचा आणि थराथराने मुरूम दाबायचा. पोकळ ठेवलेली टाकी पुढे कुणाच्या तरी पायाखाली खचते.

‘एवढा खर्च खरेदीदाराला दिसणार आहे का?’ हाही प्रश्न येतोच. दिसणार नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५५प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या पाहणीत न कळणारा गंभीर दोष सांगणं हे विक्रेत्याचं कर्तव्य आहे. फरशीखालची फुटकी टाकी याहून वेगळी काय असते? काकूंनी टाकी आधी केली आणि टाइल्स साध्या घेतल्या.

दिवाळीनंतर जमीन ओली असते, पण खड्ड्यात पाणी साचत नाही. चाचणीला आणि खोदकामाला हाच काळ चांगला. घर विकणाऱ्याने टाकी, लाइन आणि झाकणाच्या जागेचा मापांसह साधा नकाशा काढून रजिस्ट्रीच्या कागदांसोबत द्यावा. आणि घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी तो मागावा.