दोष कुणाच्या माथी?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे घरी इंग्रजी कागद आला की तो आपोआप माझ्यापुढे येतो. बँकेचे पत्र, विम्याची पावती, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सारे मीच वाचायचे आणि मराठीत सांगायचे. २०२५ च्या जूनमध्ये आलेले पत्र मात्र वाचता आले, तरी सांगता येईना. ते एका मोटार कंपनीचे होते. आमच्या गाडीचे इंजिन बंद पडण्यास उत्पादनातील दोष कारणीभूत नसून मालकाने देखभालीत केलेली हयगय कारणीभूत आहे, सबब वॉरंटी लागू होत नाही, असा त्याचा सारांश. मूळ शब्द 'नेग्लिजन्स' होता. त्याला हयगय म्हणावे, की निष्काळजीपणा? कोणताही शब्द घेतला तरी तो अण्णांच्या तोंडावरच म्हणायचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळा चौथीपर्यंत. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले आणि सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. २०२३ च्या दसऱ्याला त्यांनी कर्ज काढून स्वतःची पहिली गाडी घेतली. सात आसनांची, पिवळ्या पाटीची, किंमत ९ लाख ४० हजार. लग्नाचे वऱ्हाड, चिपळूणच्या रेल्वेला जाणारे लोक, कऱ्हाडला दवाखान्यात न्यायचे पेशंट, अशी भाडी मिळत. हप्ता १६,४०० रुपयांचा. पहिले दीड वर्ष तो एकदाही चुकला नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये कुंभार्ली घाट चढताना खडखड असा आवाज आला आणि इंजिन एका क्षणात थांबले. गाडीत सहा माणसे होती. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत संपत आली की पायाखालचे पेडल दगडासारखे लागते. अण्णांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून चाकामागे दगड लावला. कुणाला खरचटलेही नाही. तोवर गाडी ४६,००० किलोमीटर चालली होती आणि वॉरंटी एक लाखापर्यंत होती. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

कारखान्यात इंजिन उघडले तेव्हा टायमिंग चेन घसरल्याचे दिसले. ही साखळी इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या दांड्यांना एका तालात फिरवते. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले असले पाहिजेत, हा तो ताल. साखळी ताणून धरायला टेन्शनर नावाचा भाग असतो. तो निकामी झाला की साखळी ढिली पडते, दाते सोडते, ताल चुकतो आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. आमच्या इंजिनात नेमके हेच झाले होते. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८६ हजार रुपये.

येथपर्यंत वाद नव्हता. टेन्शनर निकामी झाला हे कंपनीलाही मान्य होते. वाद होता तो का निकामी झाला याचा. कंपनीचे म्हणणे असे, की तिसरी सर्व्हिसिंग ३०,००० किलोमीटरला व्हायला हवी होती, ती ३१,९०० ला झाली. जुन्या तेलात गाळ धरला, तो तेलाच्या बारीक वाटांत बसला आणि तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर सैल पडला. हे म्हणणे वेडगळ नाही. तेल बदलले नाही तर असे होऊ शकते, हे गावातल्या मिस्त्रीनेही सांगितले. परंतु 'होऊ शकते' आणि 'झाले' यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कंपनीने एका वाक्यात ओलांडले होते. तेलाच्या वाटा उघडून पाहिल्या काय? गाळ सापडला काय? टेन्शनर कोणी तपासला? पत्रात एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. उशीर झाला होता. तेवढे कारण पुरे धरले होते.

आमच्या बाजूने एक वही होती. अण्णा गाडीच्या कप्प्यात दोनशे पानी वही ठेवतात. डिझेल, हवा, टायर, तेल, सारे त्यात तारखेसह लिहिलेले असते. अक्षर वाकडे, पण नोंद पक्की. तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या आधी तीत लिहिले आहे, '२९८०० झाले. फोन केला. फिल्टर नाही म्हणाले. आठ दिवसांनी या.' पुढे पुन्हा, 'फोन केला. सोमवारी या.' म्हणजे उशीर झाला तो कंपनीच्याच अधिकृत कारखान्यामुळे. शिवाय चौथी सर्व्हिसिंग वेळेवर झाली होती, तेलही त्यांनीच घातले होते आणि 'इंजिन ठीक' अशी खूण त्यांच्याच जॉब कार्डावर होती. ती वही आणि ते कार्ड घेऊन आम्ही गेलो. काउंटरवरचे साहेब वही चाळून म्हणाले, "हे तर तुम्हीच लिहिलेलं आहे." मी म्हटले, "साहेब, पत्रही तुम्हीच लिहिलेलं आहे." त्यांनी वही परत दिली आणि निर्णय कंपनीचा असतो, आम्ही फक्त विक्रेते, असे सांगितले. कंपनीला फोन केला तर उत्तर आले, विक्रेता स्वतंत्र आहे, त्याच्याशी बोला.

हा खेळ नवा नाही. आमच्या ग्रंथालयात शोधताना मला कळले, की तो शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने विक्रेत्याकडून ब्युइक कंपनीची मोटार घेतली. चाकाच्या लाकडी आऱ्या मोडल्या, मोटार कोसळली, ते जखमी झाले. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी विक्रेत्याला विकली, तुम्हाला नव्हे. आणि चाक तर दुसऱ्याच कारखान्याने केलेले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला. गाडी विक्रेत्यासाठी नव्हे, वापरणाऱ्यासाठी बनवलेली असते, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तपासण्याची जबाबदारीही त्याचीच, असा त्या निकालाचा आशय.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. जनरल मोटर्स या कंपनीच्या काही गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता, की धक्का बसला किंवा किल्लीला ओझे असले तरी तो सरके आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे. मग अपघातात एअरबॅगही उघडत नसत. २००५ साली कंपनीने विक्रेत्यांना कळवले, की ग्राहकांना किल्लीच्या जुडग्यातील जड वस्तू काढायला सांगा. म्हणजे दोष जुडग्याचा! पुढे एका तरुण परिचारिकेच्या मृत्यूनंतर तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडला, तेव्हा आतला भाग गुपचूप बदललेला निघाला. भागाचा क्रमांक मात्र तोच ठेवला होता. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीनेच स्थापलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

आमचे प्रकरण त्यापुढे फार लहान आहे. ईश्वरकृपेने सहाही माणसे सुखरूप घरी गेली. परंतु त्या हकिकतीतून एक गोष्ट मी उचलली. मोडलेला भाग ज्याच्या हातात, सत्य त्याच्या हातात. आमचा टेन्शनर कारखान्यातच होता आणि जुने भाग कंपनीकडे परत जातात असे ऐकले होते. त्याच दिवशी मी मराठीत अर्ज लिहिला, की निकामी भाग नष्ट करू नये, कुठेही पाठवू नये. त्यावर पोच घेतली. अण्णांनी खाली सही केली. एवढी सावकाश सही करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग राज्यशास्त्राच्या सरांनी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा समजावून दिला. आमची पहिली शंका अशी होती, की गाडी धंद्याची, मग आम्ही ग्राहक कसे? सरांनी दाखवले, की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरली जात नाही. १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचेच उदाहरण दिले आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि आमच्या गाडीच्या किमतीला शुल्क अवघे २०० रुपये. शिवाय तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. आम्हाला हवे होते ते नेमके हेच.

तक्रार दाखल करण्याआधी कंपनीचा निरोप आला. सदिच्छा म्हणून भागांच्या किमतीपैकी निम्मी, म्हणजे ६५,००० रुपये, सोडायला ती तयार होती. अट एकच, उत्पादनात दोष नव्हता हे लिहून द्यायचे आणि तक्रार करायची नाही. त्या रात्री आमच्या घरी चूल उशिरा पेटली. तीन हप्ते थकले होते. आईने बचत गटातून कर्ज काढले होते. ती म्हणाली, "मिळतंय ते घ्या. मोठ्यांशी भांडून कुणाचं भलं झालंय?" तिचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा फोन तीच उचलत होती. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसं घेतो की. पन माझ्या हातनं हयगय झाली, आसं मी का लिहून देऊ? उद्या माझ्या गाडीत कोण बसंल?"

मला वाटते, या सगळ्या वादाचे मर्म त्या एका प्रश्नात आहे. कंपनीच्या दृष्टीने तो खर्चाचा प्रश्न होता: एक इंजिन, इतके रुपये. अण्णांच्या दृष्टीने तो पतीचा प्रश्न होता. ड्रायव्हरची सारी मिळकत म्हणजे त्याच्यामागे बसणाऱ्याचा विश्वास. पदवी, जमीन, ओळखी, यांपैकी काहीच नसलेल्या माणसाने सव्वीस वर्षांत जे मिळवले, ते गाडी न उघडता लिहिलेल्या एका वाक्यात बुडत होते. आम्ही अट वगळून रक्कम द्या असे कळवले. कंपनीने नकार दिला. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावलेला नाही. कागद मीच लिहिते, सर तपासतात.

अजून निकाल लागलेला नाही. गाडी कारखान्याच्या आवारात उभी आहे आणि अण्णा पुन्हा दुसऱ्याचा पिकअप रोजावर चालवतात. टेन्शनर तपासणीला पाठवावा या आमच्या अर्जावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे. तपासणीत गाळ निघाला तर? मी हा प्रश्न अण्णांना विचारला. ते म्हणाले, "निघाला तर निघाला. पन बघून तरी सांगा म्हनावं." त्या तारखेसाठी त्यांनी रोज बुडवायचे ठरवले आहे. पिकअपच्या कप्प्यात एक नवी वही ठेवली आहे. गाडी दुसऱ्याची असली तरी तेल बदलल्याची तारीख तीत अण्णाच लिहितात.