अस्थींची साक्ष

प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे 1974 साली धातूची चार ओतीव शिल्पे सापडली. रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. मिळून वजन 60 किलोंहून अधिक. त्यांची छायाचित्रे पाहताना माझे मन नेहमी एका प्रश्नापाशी घुटमळते. ज्यांनी हा धातू वितळवला, भट्टीचा धूर छातीत घेतला, त्यांचे काय? शिल्पे उरली, कारागीर मातीस मिळाले.

पण मातीस मिळालेला माणूसही पुरता मुका होत नाही. शिसे शरीरात गेले की कॅल्शियमची जागा घेऊन हाडात ठाण मांडते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. म्हणून संशोधक प्राचीन हाडांतील शिसे, तांबे मोजतात. मात्र पुरलेल्या हाडात भोवतालच्या मातीतील धातूही झिरपतो. तेव्हा मातीचीही परीक्षा घ्यावी लागते. आपल्याकडे घोडनदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाडांचे रासायनिक पृथक्करण झाले, ते त्यांचा आहार जाणण्यासाठी. जे हाड अन्नाची साक्ष देते, ते श्रमाचीही देऊ शकते.

जॉर्डनमधील फेनान येथे तसे घडले. तेथील तांब्याच्या खाणींत रोमन सत्तेने चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती कैद्यांना धाडले होते. गाझाचे बिशप सिल्व्हानस यांचा सोबत्यांसह तेथेच शिरच्छेद झाला, हे इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवले आहे. त्यानंतरच्या काळातील तेथल्या दफनभूमीत काहींच्या हाडांत तांबे व शिसे बरेच आढळले, इतरांच्या हाडांत तितके नाही. खाणीच्या गावातही धातूचा भार सर्वांनी सारखा वाहिला नव्हता.

हे वाचल्यावर काही दिवसांनी तामलवाडीवरून तुळजापूरकडे जात होतो. रस्त्यालगत एका घिसाडी कुटुंबाने भट्टी मांडली होती. नवरा सांडशीने तापले लोखंड धरी, बायको घण घाली, मुलगा भाता फिरवी. मी विचारले, “ताई, धूर बाधत नाही का?”

घण न थांबवता ती म्हणाली, “बाधतो की, दादा. पर इस्तू इजला, की चूलबी इजली.”

मेलेल्या कारागिरांचे दुःख जाणण्यासाठी प्रयोगशाळा लागते. जिवंतांना नुसते विचारले तरी पुरते. विळ्याच्या किमतीत घासाघीस करताना लोखंड, कोळसा आपण हिशेबात धरतो. तो धूरही धरला पाहिजे.