दाढेतली चांदी, पुडीतला पारा

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार, धाराशिव

दुपारी कळंबकडच्या एक मावशी आल्या. ठणका नाही, सूज नाही. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "मॅडम, तोंडातल्या समद्या चांद्या काढून टाका. त्यात पारा हाय म्हनं. गुडघं त्याच्यानंच धरल्यात."

गावात शिबिर झालं होतं. हातात पितळेची दांडी धरायला दिली, लॅपटॉपवर रंगीत पट्टे हलले आणि प्रिंटरमधून कागद आला: शरीरात जड धातू, पारा जास्त. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा ठेवावा तसा जपून ठेवलेला. दांडी धरल्यावर पारा कसा कळतो, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मशीन हाय की वो!" यावर काय बोलणार?

तोंड पाहिलं. मिश्रीने दात काळपट झालेले, हिरड्या सुटत चाललेल्या. त्याबद्दल शिबिरातलं कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. चार दाढांत चांदी. कुणी भरली होती त्यांना आठवत नाही, पण ज्याने भरली त्याचा हात चांगला. कडा दाढेला लागून सपाट, अणकुचीदार एक्सप्लोरर फिरवला तर कुठे अडेना. फक्त खालच्या उजव्या दाढेला कडेला टोक रुतलं, तिथे खाली कीड असणार. म्हटलं, ही एक बदलू, बाकीच्या तीनना हात लावायचा नाही. ड्रिलने चांदी फोडताना पाऱ्याची जी वाफ उठते ती दाढेत गप बसलेल्या चांदीपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय प्रत्येक वेळी थोडी चांगली दाढही कोरली जाते.

त्यांना पटलं नाही. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन वाहून गेलेलं, तरी पैसे घेऊन आल्या होत्या. निघताना पिशवीतून कागदी पुड्या काढल्या, शिबिरातच मिळालेल्या. काळी भुकटी, मधातून दोन वेळा. पुडीवर ना नाव, ना परवाना नंबर, ना तारीख. एक पुडी मागून घेतली, अण्णांना, म्हणजे माझ्या वैद्य सासऱ्यांना दाखवायला. गुडघे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल मावशींना घाईत सांगितलं ते डोक्यात घोळतंय.

दातात भरतात त्या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो. उरलेलं चांदी, कथील, तांबं. कॉलेजात आम्ही ती काचेच्या खलात घोटायचो. अलॉयची भुकटी आणि पारा एकत्र घोटून लोण्यासारखा गोळा झाला की तो कापडाच्या तुकड्यात धरून अंगठा आणि तर्जनीने पिळायचा. वरचा पारा मोत्यासारखा थेंब थेंब खाली पडायचा. एखादा फरशीवर सांडला की त्याचे बारीक बारीक होत फटीत जायचे, आणि आम्हाला गंमत वाटायची. खिडक्या बंद, पंखा चालू. पुढे कॅप्सूल आल्या, पारा आणि भुकटी मोजून बंद, मशीनमध्ये हलवायच्या. पण जिल्ह्याच्या गावात खल बराच काळ टिकला.

म्हणजे पाऱ्याशी सगळ्यात जास्त गाठ भरणाऱ्याची आणि त्याच्या मदतनीस मुलीची पडते. घट्ट झालेल्या चांदीतून चावताना, घासताना थोडी वाफ येते, हे खरं आहे, कुणी नाकारत नाही. शरीरात जातं ते दिवसाला काही मायक्रोग्रॅम. त्याने माणूस आजारी पडतो का, हे मुलांवर नीट तपासून झालंय. अमेरिकेत ५३४ मुलं पाच वर्षं, लिस्बनमध्ये ५०७ मुलं सात वर्षं. निम्म्यांना चांदी, निम्म्यांना दाताच्या रंगाचं मटेरियल. दोन्ही निकाल २००६ साली आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त सापडला. बुद्धी, स्मरण, नसा यांत फरक सापडला नाही. मला या दोन वाक्यांतलं पहिलंही तितकंच महत्त्वाचं वाटतं. काही जण ते गाळून सांगतात, आणि मग लोक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत म्हणून कुरकुरतात.

अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, सहा वर्षांखालची मुलं, किडनी किंवा मेंदूच्या विकाराचे रुग्ण यांना शक्यतो चांदी भरू नका असं सांगितलं. त्याच पत्रकात असंही सांगितलं की शाबूत असलेली चांदी उगाच काढू नका.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

अण्णांची धन्वंतरीची पूजा. कडुनिंबाचा पाला आणि साखर, असा प्रसाद. यंदापासून सरकारने आयुर्वेद दिन आजच्या तिथीवरून २३ सप्टेंबरला नेला याचा राग अजून गेलेला नाही. "धन्वंतरीला आता तारीख पाहून यायला सांगा," म्हणाले.

सासरे वैद्य आणि सून दातांची डॉक्टर, त्यामुळे आमच्या घरात वादाला विषय शोधावा लागत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात शल्य-शालाक्याच्या वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी मिळाली, त्यात रूट कॅनलही होतं, आणि ११ डिसेंबरला डॉक्टरांनी संप केला. त्या दिवशी अण्णा मुद्दाम माझ्या दवाखान्याच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते.

आज जेवताना मी पुडीचा विषय काढला. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यात पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, हे सांगितलं. अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही. "रसौषधीत पारा असतो हे शोधायला अमेरिका कशाला? आमच्या ग्रंथात पाऱ्यापासूनच सुरुवात आहे. आणि तुमच्या लोकांनी काय केलं? लहान लेकरांच्या दात येण्याच्या पावडरीत पाऱ्याचं कॅलोमेल घातलं. हातपाय गुलाबी होऊन लेकरं तळमळायची, ते किती वर्षांनी कळलं? आणि तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला मी लाल औषध लावायचो, त्या मर्क्युरोक्रोममध्ये काय होतं? दही घे."

दही घेतलं. हे सगळं खरंच आहे. इंग्लंडात त्या पावडरी बाजारातून गेल्या ते १९५० नंतर.

पण मीही सोडलं नाही. म्हटलं, पारा आणि गंधक जुळून जे सल्फाइड होतं ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं शिरतं, मान्य. रसकर्पूर तसं नाही, ते क्लोराइड. मोकळा पारा तर आणखी वेगळा. गिळला तर बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो, पण त्याची वाफ श्वासातून गेली तर ऐंशी टक्के अंगात राहते. "शुद्ध केलेला" या एका शब्दावर हे तिन्ही कसे चालतील? आणि खरोखर शुद्ध केला, हे मावशींनी कशावरून ओळखायचं?

यावर ते थोडं थांबले. म्हणाले, "पुडी आण."

त्याच दिवशी, रात्री

हे लिहून ठेवायलाच हवं. अण्णांनी देवघरातल्या डबीतून ढब्बू पैसा काढला, चिंचेने घासून लख्ख केला. आधी भुकटी चिमटीत चोळली. बोटांच्या रेषांत बसली. "बारीक आहे," म्हणाले. मग उजेडात धरून तिरकी पाहिली आणि नाक मुरडलं. माझ्या चष्म्यालाही दिसले, टोचावेत असे दोन-तीन चमकते ठिपके. चांगल्या कज्जलीत, म्हणजे पारा-गंधक घोटून केलेल्या काळ्या भुकटीत, एकही चकाकी दिसता कामा नये. मग थेंबभर पाण्यात भुकटी कालवून पैशावर अंगठ्याने घासली, पुसली. तांब्यावर पांढरी रुपेरी रेघ उमटली होती. मोकळा पारा तांब्याला धरतो. गंधकाशी पुरता जुळलेला असता तर धरला नसता. मी कॉलेजात खलात जे करत होते तेच रसायन, फक्त ढब्बू पैशावर.

"हे कुण्या हलकटाने अर्धवट घोटलंय," अण्णा म्हणाले. त्यांना इतकं चिडलेलं क्वचित पाहिलंय. कज्जली दिवसच्या दिवस घोटावी लागते. आणि पारा, हिंगूळ असलेलं औषध विकायचं तर कायद्याच्या ई-१ यादीत ते आहे, वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते, हे त्यांनीच मला सांगितलं. मावशींना फोन मीच केला. भुकटी बंद करायला सांगितली. "मग गुडघ्याचं?" म्हणाल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

स्टॉकहोमहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिथे २००९ पासून चांदी जवळजवळ बंदच. त्याची आई लगेच, "बघ, विष असल्याशिवाय का बंद केलं?" स्वीडनने ती मुख्यतः पर्यावरणासाठी बंद केली. गुळण्यांतून, सांडपाण्यातून, आणि माणूस गेल्यावर विद्युतदाहिनीच्या धुरातून पारा बाहेर पडतो आणि तळ्यातल्या माशांत साठतो. तिला हे उत्तर आवडलं नाही.

हे भांडण जुनं आहे. १८४० मध्ये अमेरिकेत दंतवैद्यांची पहिली संघटना निघाली, तिने सभासदांना चांदी न वापरण्याची शपथ घ्यायला लावली. त्या वादातच ती १८५६ ला मोडली. १९२६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक याने स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने आपलं डोकं कसं सुन्न झालं ते लिहिलं आणि दातांकडेही बोट दाखवलं. पुढे कोलोराडोचा हल हगिन्स नावाचा डेंटिस्ट निघाला, नाना दुखण्यांवर चांदी काढून घ्या असं सांगणारा. १९९६ मध्ये त्याचा परवाना गेला. श्टॉक आणि हगिन्स यांची नावं लोक एका दमात घेतात, हे मला श्टॉकवर अन्यायाचं वाटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

जिनेव्हाची बातमी. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी दातातली चांदी २०३४ पर्यंत बंद करायचं ठरवलं. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केलाय. २०२२ लाच पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि पाजत्या बायकांना ती भरू नये असं ठरलं होतं, डॉक्टरला अगदी गरज वाटली तर सोडून.

माझ्याकडे चांदी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी मन थोडं अडतं. दाताच्या रंगाचं मटेरियल लाईट मारून घट्ट करतात. त्याला दाढ कोरडीठाक लागते. लाळ लागली की सुटतं. सिमेंट स्वस्त, पण चावून झिजतं. चांदी मात्र लाळेत, घाईत, ऐन शिबिरातही धरायची आणि वीस वर्षं जायची. मावशींच्या दाढांनी ते सिद्ध केलंय. परंडा-भूमकडच्या माणसाला लाईटवालं परवडावं असं काही जिनेव्हात ठरलंय का, बातमीत दिसलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मावशी आल्या. किडकी दाढ बदलली, रबर डॅम लावून, सक्शन जोरात ठेवून. बाकी तीन तशाच. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली, व्यायाम दिलाय. करतील असं वाटत नाही. मिश्री सोडायचं बोलले तर पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी कपाट आवरताना जुनी बाटली सापडली. तळाशी उरलेला पारा, आणि दुसऱ्या बरणीत पाण्याखाली चांदीचा चुरा. गटारात टाकायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या मुलाने बरणीकडे पाहूनच मान हलवली. आता रीतसर पत्र लिहायला हवं.

अण्णा बाटली उजेडात धरून उभे. "मला दे. हळदीत, लसणात घोटून असा शुद्ध करून दाखवतो की बघत राहशील."

"मुळीच नाही."

"घरात, गच्चीवर."

"गच्चीवर तर नाहीच. लोणची आहेत तिथे."

बाटली मी परत कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे. ते रात्रीचे बातम्या बघताना पुन्हा म्हणाले, लसूण तरी आणून ठेव.