मनोऱ्यासमोरचं बुडालेलं कुरण

तंजावरला गेलात की बृहदीश्वराचं मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय बघालच. पण एक दिवस हाताशी ठेवा आणि पट्टुकोट्टईमार्गे समुद्राकडे उतरा. मल्लिपट्टिनमजवळ मनोरा नावाचा आठ मजली बुरूज उभा आहे. भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८१४-१५ च्या सुमारास बांधला, तोही नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून! कुठे पॅरिस आणि कुठे तंजावर!

बुरूज बघून झाला की समोरच्या पाण्याकडे वळा. हा पाल्कचा उपसागर. उथळ, एरवी बराच शांत. याच्या तळाशी मैलोन् मैल गवत आहे. शेवाळ नव्हे, मुळं, खोड, पानं आणि फुलंही असलेलं खरं समुद्री गवत. डुगाँग ते चरतो, दिवसाला तीस-तीस किलो. तमिळमध्ये त्याला ‘कडल पसु’, म्हणजे समुद्रातली गाय म्हणतात.

या गवताला ऊन फार लागतं. दाट जंगलातली झुडपं एखाद्या टक्क्यावर भागवतात. याला मात्र पृष्ठभागावरच्या उजेडाच्या साधारण दहा टक्के किंवा जास्तच हवा. कारण मुळं रुतलेली असतात प्राणवायू नसलेल्या चिखलात. पानं उन्हात प्राणवायू तयार करतात, तो मुळांपर्यंत जातो आणि चिखलातलं विषारी सल्फाइड दूर ठेवतो.

पाणी गढूळ झालं की गवत ओढगस्तीतल्या घरासारखं वागतं. आधी पानांतलं हरितद्रव्य वाढवतं, कधी पानं लांबवतं. मग नवे फुटवे थांबतात, जुनी पानं गळतात. शेवटी हळदीच्या गड्ड्यासारख्या भूमिगत खोडात साठवलेला स्टार्च खर्ची पडतो. जाड खोडाच्या जाती यावर काही महिने तग धरतात. डुगाँगच्या आवडीचं, इवल्या लंबगोल पानांचं हॅलोफिला मात्र हातावर पोट असलेलं. त्याला कमी उजेड पुरतो, पण पूर्ण अंधारात साधारण महिनाभरातच ते मरतं. वाळूत बी उरलं असेल तर पाणी निवळल्यावर तेच सगळ्यांत आधी उगवतं.

तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये इथलं ४४८ चौरस किलोमीटर पाणी डुगाँगसाठी राखून ठेवलं. पण तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी आणि जमिनीवरून येणारा गाळ यांना नकाशावरची रेघ दिसत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर इथला पावसाळा, तेव्हा पाणी गढूळ असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. किनाऱ्यावर वाहून आलेलं एखादं हिरवं पान सापडलं तर उन्हाकडे धरून बघा. उजेड कमी पडू नये म्हणून त्याचं हरितद्रव्य अगदी बाहेरच्या सालीतच भरलेलं असतं.